बिल्डरूटने स्वतःची लिनक्स इमेज बनवायची कशी: एकदम सुरुवातीपासून

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड) घेतला, त्यावर कंपनीचं ओएस टाकलं, ॲप्ट इन्स्टॉल (पॅकेज टाकायची कमांड) मारून मारून प्रोजेक्ट चालता केला, इथपर्यंत सगळेच येतात. मग कोणीतरी म्हणतं की असे ५० डबे बनवायचेत, आणि हे बूट व्हायला एवढा वेळ का घेतं, आणि गावाकडे लाईट गेली की कार्ड करप्ट होतं त्याचं काय, आणि सहा महिन्यांनी हेच सेटअप परत जसंच्या तसं करता येईल का. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण त्या कार्डवर काय काय हाताने बदललंय हे आता कोणालाच आठवत नाही. एका कार्डची कॉपी मारून दुसरं, त्याची कॉपी मारून तिसरं, असं चाललेलं असतं.

इमेज बिल्ड सिस्टिम म्हणजे यावरचा इलाज. तुम्ही काही कॉन्फिग फाईली लिहायच्या, एक कमांड मारायची, आणि शेवटी कार्डवर टाकायला तयार इमेज, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एक फाईल बाहेर येते, बूटलोडर (बोर्ड चालू झाला की कर्नल उचलणारा प्रोग्रॅम), कर्नल (ओएसचा गाभा), सगळ्या लायब्ररी आणि तुमचा प्रोग्रॅम असं सगळं सोर्सपासून कंपाईल होऊन. यात दोन मोठी नावं आहेत, बिल्डरूट आणि योक्टो. पुण्यात एम्बेडेडच्या नोकरीला गेलात तर योक्टोबद्दल विचारतील हे खरं, पण शिकायला सुरुवात बिल्डरूटनेच करा असं माझं स्पष्ट मत आहे. बिल्डरूट म्हणजे शेवटी साध्या मेकफाईली (बिल्ड कसा करायचा ते सांगणाऱ्या फाईली) आहेत, उघडून वाचता येतात. योक्टोमध्ये एरर आला की आधी योक्टो समजून घ्यायला लागतं, मग एरर.

एक सूचना आधीच देतो, कमांडा आणि फाईलींची नावं मी खाली देवनागरीत लिहिलीयेत, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

थोडी ओळख

बिल्डरूट २००१ पासून आहे. यूक्लिबसी नावाची छोटी सी लायब्ररी बनवणाऱ्या लोकांना ती टेस्ट करायला काहीतरी हवं होतं, त्यातून हे निघालं. २००९ मध्ये पीटर कोर्सगार्ड मेंटेनर झाले आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रिलीज येतो, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. व्हर्जनचं नाव म्हणजे वर्ष आणि महिना, उदाहरणार्थ २०२५.०२. यातला फेब्रुवारीचा रिलीज लाँग टर्म सपोर्टवाला असतो, म्हणजे त्यात सिक्युरिटी फिक्स जास्त काळ येत राहतात, तर डोळे झाकून तोच घ्या. तुमच्या वायफाय राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर त्याची बिल्ड सिस्टिमसुद्धा मुळात बिल्डरूटमधूनच आलेली आहे, फक्त ते लोक पुढे खूप वेगळ्या रस्त्याने गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे न समजल्यामुळे नवीन लोक वैतागतात: बिल्डरूटने बनवलेल्या सिस्टिमवर ॲप्ट नसतं. पॅकेज मॅनेजरच नसतो. बोर्डवर लॉगिन करून काही इन्स्टॉल करायचं ही सवय सोडायची. नवीन काही हवंय? लॅपटॉपवर कॉन्फिग बदला, इमेज परत बनवा, परत टाका. पहिले चार दिवस हे त्रासाचं वाटतं.

मशीन तयार करा

लिनक्स मशीन लागणार. उबुंटू किंवा डेबियन असेल तर उत्तम. जागा २०-२५ जीबी तरी मोकळी ठेवा, रॅम ८ जीबी असली तरी भागतं, आणि इंटरनेट बरं हवं कारण पहिल्या वेळेला सगळे सोर्स डाऊनलोड होतात. बिल्ड-इसेन्शियल, बीसी, सीपीआयओ, आरसिंक, अनझिप, फाईल, डब्ल्यूगेट, गिट आणि एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज एवढं ॲप्टने टाकून घ्या. शेवटचं विसरलात तर मेन्यूकॉन्फिग, म्हणजे पर्याय निवडायचा मेन्यू, उघडणारच नाही.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, सोर्स सी ड्राईव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, नाहीतर बिल्ड गोगलगाय होतो आणि विंडोजला कॅपिटल-स्मॉल अक्षरातला फरक कळत नाही त्याचे वेगळेच प्रॉब्लेम येतात. दोन, मेक मारल्या मारल्या तुमच्या पाथमध्ये (कमांडा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीत) स्पेस आहेत म्हणून बिल्डरूट थांबेल. कारण डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ आपल्या पाथला जोडतं आणि त्यात 'प्रोग्रॅम फाईल्स' असतं, मधल्या स्पेससकट. ईटीसी फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ फाईलमध्ये इंटरॉप सेक्शनखाली अपेंडविंडोजपाथ = फॉल्स करा, डब्ल्यूएसएल शटडाऊन करून परत उघडा, झालं.

आणि सुडो लावून, म्हणजे रूट (ॲडमिन) होऊन बिल्ड करू नका. कधीच. बिल्डरूटला रूट लागत नाही. एखाद्या पॅकेजची मेकफाईल चुकून तुमच्या लॅपटॉपच्याच यूएसआर फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायला गेली तर साध्या यूझरला परवानगी नाकारली जाते आणि तुम्ही वाचता, रूट असाल तर लॅपटॉपच बसतो.

पहिला बिल्ड, बोर्डशिवाय

बोर्ड अजून बाजूला ठेवा. पहिला बिल्ड क्यूईएमयूसाठी करा, म्हणजे लॅपटॉपच्या आतच एक खोटा एआरएम बोर्ड. कार्ड, केबल, पॉवर सप्लाय या सगळ्याचा संशय मधून निघून जातो आणि काही बिघडलं तर ते सॉफ्टवेअरमध्येच बिघडलंय हे नक्की असतं.

बिल्डरूट डॉट ऑर्गवरून टारबॉल उतरवा किंवा गिट क्लोन करून लाँग टर्मवाल्या टॅगवर जा. फोल्डरमध्ये जाऊन 'मेक लिस्ट-डेफकॉन्फिग्ज' मारा. लांबलचक यादी येईल, ती सगळी तयार बोर्ड कॉन्फिग आहेत. त्यातलं 'क्यूईएमयू_एआर्च६४_व्हर्ट_डेफकॉन्फिग' घ्या, म्हणजे मेक आणि पुढे हे नाव. एका सेकंदात काम होतं आणि डॉट कॉन्फिग नावाची फाईल तयार होते. मग नुसतं 'मेक'.

मेकला 'डॅश जे' आणि पुढे कोरची संख्या लावायची सवय असते ना, ती इथे नको. बिल्डरूट आतमध्ये प्रत्येक पॅकेज आपोआप सगळे कोर वापरूनच बनवतं. बाहेरून 'डॅश जे' लावून काही फायदा नाही, मॅन्युअलमध्येही तसं करू नका असंच लिहिलंय.

आता चहा घ्या, जेवण पण करून या, कारण पहिला बिल्ड वेळ खातो. सर्वात जास्त वेळ टूलचेनला जातो, म्हणजे इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएमसाठी कोड बनवणारा जीसीसी आधी स्वतः कंपाईल व्हायला लागतो. हे टाळता येतं, पुढे सांगतो.

संपल्यावर आऊटपुट फोल्डर उघडून बघा, हे नीट समजून घेणं गरजेचं आहे. 'बिल्ड'मध्ये प्रत्येक पॅकेजचा सुटलेला सोर्स. 'होस्ट'मध्ये तुमच्या लॅपटॉपवर चालणारी टूलं, क्रॉस कंपायलर धरून. 'इमेजेस'मध्ये तयार माल. आणि 'टार्गेट'मध्ये बोर्डवर जाणारी फाईलसिस्टिम दिसते, पण ती तशीच्या तशी उचलून कार्डवर कॉपी करायची नसते. त्यात मुद्दाम एक फाईल ठेवलेली असते, तिचं नावच मोठ्या अक्षरात 'हे तुमचं रूट फाईलसिस्टिम नाही' अशा अर्थाचं आहे. कारण बिल्ड साध्या यूझरने चालतो, त्यामुळे तिथे फाईलींची ओनरशिप आणि डिव्हाईस नोड बरोबर नसतात, ते शेवटी इमेज बनताना नीट केले जातात. ही फाईल बघूनसुद्धा ते फोल्डर कॉपी करणारे लोक आहेत आणि मग सुडो चालत नाही म्हणून दिवसभर शोधत बसतात.

इमेजेसमध्येच स्टार्ट-क्यूईएमयू नावाची स्क्रिप्ट आहे, ती चालवा. क्यूईएमयू वेगळं टाकायची गरज नाही, या डेफकॉन्फिगमध्ये बिल्डरूट तेही स्वतःच बनवून ठेवतं. कर्नलचे मेसेज धडाधड वर जातील आणि 'वेलकम टू बिल्डरूट' येऊन लॉगिन विचारेल. रूट टाका, पासवर्ड नाही. आत आलात. डीएफ मारून बघा, सगळी सिस्टिम किती थोड्या एमबीत बसलीये ते. एलएस, कॅट, व्हीआय, पिंग हे सगळं खरं तर बिझीबॉक्स नावाची एकच फाईल आहे, बाकी सगळे तिचे सिमलिंक. बाहेर यायला पॉवरऑफ, अडकलं तर कंट्रोल ए आणि मग एक्स.

मेन्यूकॉन्फिगमध्ये कुठे हात घालायचा

'मेक मेन्यूकॉन्फिग' मारलं की निळा मेन्यू येतो, कर्नल कंपाईल केला असेल तर ओळखीचाच वाटेल कारण तीच केकॉन्फिग सिस्टिम आहे. स्लॅश दाबून सर्च करता येतं आणि हे लवकर शिकून घ्या, मेन्यूत हाताने शोधत बसलात तर संध्याकाळ होईल.

'टूलचेन'मध्ये जाऊन टाईप एक्स्टर्नल केलात तर तयार टूलचेन उतरते आणि तो सुरुवातीचा मोठा वेळ वाचतो. बूटलिन या कंपनीच्या तयार टूलचेन यादीतच आहेत. सी लायब्ररी कुठली हा प्रश्न इथेच येतो, ग्लिबसी, मसल की यूक्लिबसी-एनजी. जागा अगदी कमी नसेल तर ग्लिबसी घ्या आणि पुढे चला. विशेषतः बाहेरून मिळालेला तयार बायनरी चालवायचा असेल, कुठल्यातरी सेन्सरवाल्याने दिलेली लायब्ररी वगैरे, तर ग्लिबसीच लागणार. नाहीतर काय होतं, फाईल समोर दिसतेय, एलएसमध्ये आहे, एक्झिक्युट परमिशन आहे, आणि चालवली की शेल म्हणतो 'नॉट फाउंड'. डोकं फिरतं. खरं तर सापडत नाहीये ती तुमची फाईल नाही, त्या बायनरीला जो डायनॅमिक लोडर हवाय तो त्या सिस्टिमवर नाहीये.

'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये होस्टनेम, रूट पासवर्ड, इनिट सिस्टिम (बूटला बाकी सगळं सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) आणि टाईमझोन. पासवर्ड आत्ताच टाका, कारण पुढे एसएसएचसाठी (नेटवर्कवरून लॉगिन करायला) ड्रॉपबेअर घ्याल आणि ड्रॉपबेअर रिकाम्या पासवर्डवर कोणालाही आत घेत नाही, बरोबरच आहे ते. इनिटसाठी बिझीबॉक्सच राहू द्या, सिस्टिमडी हा मोठा इनिट नंतर बघू.

'टार्गेट पॅकेजेस'मध्ये हजारो पॅकेजेस आहेत. सध्या ड्रॉपबेअर घ्या, आणि नेटवर्कवर एचटीटीपीएसने काही पाठवायचं असेल तर सीए-सर्टिफिकेट्स आणि वेळ जुळवायला क्रोनी. हे दोन का, तर पाय ४ वर घड्याळाची बॅटरी नसते, बूट झाल्यावर बोर्डला वाटतं आपण १९७० मध्ये आहोत, आणि १९७० मध्ये कुठलंच सर्टिफिकेट व्हॅलिड नसतं. मग एरर सर्टिफिकेटचा दिसतो आणि लोक ओपनएसएसएल खोदत बसतात.

'फाईलसिस्टिम इमेजेस'मध्ये ईएक्सटी४ चा साईझ ठरलेला असतो. पायथन वगैरे घेतलंत की तो पुरत नाही आणि बिल्ड अगदी शेवटी येऊन फेल होतो, फाईलसिस्टिमचा साईझ वाढवा असं सांगून. घाबरू नका, आकडा वाढवा, परत मेक, आधीचं सगळं झालेलंच असतं.

आता खरा बोर्ड

पाय ४ धरू. इथे एक नवीन आऊटपुट फोल्डर वापरा, म्हणजे मेकला मोठा ओ = आणि पुढे वेगळा रस्ता द्या, म्हणजे क्यूईएमयूचा बिल्ड तसाच राहतो आणि पायचा बाजूला होतो. डेफकॉन्फिग 'रास्पबेरीपाय४_६४_डेफकॉन्फिग'. पासवर्ड, ड्रॉपबेअर हे परत निवडा. मेक.

इमेजेसमध्ये एसडीकार्ड डॉट आयएमजी मिळेल. त्यात दोन पार्टिशन असतात, एक फॅटवालं ज्यात फर्मवेअर, कर्नल आणि डिव्हाईस ट्री (बोर्डवर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाईल), दुसरं ईएक्सटी४ ज्यात आपलं रूट फाईलसिस्टिम. डीडी या कमांडने टाकणार असाल तर आधी डिस्कांची यादी दाखवणारं एलएसबीएलके मारा, कार्ड काढून परत मारा, जे गायब झालं तेच कार्ड. डीडीला चुकीचं डिव्हाईस दिलंत तर तो काहीही न विचारता लॅपटॉपची डिस्क पुसेल. भीती वाटत असेल तर एचर हे इमेज टाकायचं ॲप वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

बोर्डचे मेसेज लॅपटॉपवर बघायला एक यूएसबी-टीटीएल (सिरियल) केबल विकत घ्याच, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. ३.३ व्होल्टवाली बघून घ्या, ५ व्होल्टचे सिग्नल पायच्या पिनांना सहन होत नाहीत. ग्राउंड पिन ६ ला, पायची टीएक्स पिन ८ आहे ती केबलच्या आरएक्सला, पायची आरएक्स पिन १० ती केबलच्या टीएक्सला. केबलची लाल वायर लावू नका, पायला त्याची पॉवर आहे. लॅपटॉपवर पिकोकॉम किंवा मिनिकॉम हा सिरियल वाचायचा प्रोग्रॅम, स्पीड ११५२००. एचडीएमआयवर पण लॉगिन येतं म्हणून लोक ही केबल टाळतात, पण कर्नल अर्ध्यात मेला की स्क्रीन काळी राहते आणि सिरियलवर मात्र शेवटची ओळ दिसत असते, आणि ती ओळच तर हवी असते.

नेटवर्कसाठी पहिल्यांदा वायरच लावा. या डेफकॉन्फिगमध्ये ईथ० (वायरचं नेटवर्क) वर डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) आधीच चालू आहे, राउटरच्या यादीत होस्टनेम बघा आणि एसएसएच करा. वायफायला चिपचं फर्मवेअर पॅकेज वेगळं, डब्ल्यूपीए सप्लिकंट वेगळं, त्याची कॉन्फिग फाईल वेगळी, ते सगळं दुसऱ्या दिवशी.

आपलं सामान बिल्डरूटच्या बाहेर ठेवा

हे सगळ्यात जास्त लोक चुकवतात म्हणून इथे जरा थांबतो. बिल्डरूटच्याच फोल्डरमध्ये आपल्या फाईली घुसवायच्या, त्यांच्याच बोर्ड फोल्डरमध्ये बदल करायचे, असं केलं की चालतं, पण नवीन रिलीज आला की कुठलं त्यांचं आणि कुठलं आपलं हे वेगळं करताना जीव जातो. त्यासाठी बीआर२-एक्स्टर्नल नावाची सोय आहे. पहिल्या दिवसापासून वापरा, नंतर करू म्हणून ठेवलेलं कधीच होत नाही.

बिल्डरूटच्या शेजारी एक फोल्डर बनवा, समजा 'शेतघर', कारण आपण शेतातल्या मोटारीवर लक्ष ठेवणारा डबा बनवतोय असं धरू. त्यात तीन फाईली असायलाच लागतात: एक्स्टर्नल डॉट डेस्क, कॉन्फिग डॉट इन आणि एक्स्टर्नल डॉट एमके. पहिल्या फाईलमध्ये 'नेम' लिहून कोलन देऊन नाव, मोठ्या अक्षरात. बाकी दोन रिकाम्या असल्या तरी चालतील पण असायला हव्यात. शिवाय 'कॉन्फिग्ज' फोल्डर, त्यात आपली डेफकॉन्फिग, आणि 'बोर्ड' फोल्डर, त्यात ओव्हरले.

मग एकदाच मेक मारताना बीआर२_एक्स्टर्नल = आणि या फोल्डरचा रस्ता द्यायचा, पुढे त्या आऊटपुट फोल्डरला ते लक्षात राहतं. मेन्यूत सगळ्यात खाली 'एक्स्टर्नल ऑप्शन्स' दिसायला लागतं.

कॉन्फिग जमली की 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' करा, पण इथे एक खोच आहे. तुम्ही ज्या डेफकॉन्फिगने सुरुवात केली ना, तीच फाईल ते ओव्हरराईट करतं, म्हणजे बिल्डरूटची मूळ पायवाली. म्हणून कमांडमध्येच बीआर२_डेफकॉन्फिग = आणि आपल्या शेतघरच्या कॉन्फिग्जमधला रस्ता द्या. पुढच्या वेळेपासून ती यादीत आपोआप येते. बनलेली फाईल उघडून बघा, मोजक्या ओळी असतात, कारण जे डीफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच लिहिलेलं असतं.

ओव्हरले म्हणजे अगदी साधं प्रकरण: एक फोल्डर, ज्याची आतली रचना बोर्डच्या रूटसारखी, आणि ते शेवटी टार्गेटवर जसंच्या तसं पसरवलं जातं. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'रूट फाईलसिस्टिम ओव्हरले डिरेक्टरीज' असा पर्याय आहे तिथे रस्ता द्या. बूटला आपला प्रोग्रॅम सुरू व्हायला ओव्हरलेमध्ये ईटीसी, त्यात इनिट डॉट डी, त्यात 'एस९९शेतघर' अशी स्क्रिप्ट ठेवायची. मोठा एस आणि दोन आकडे, आकड्यांच्या क्रमाने त्या चालतात, नेटवर्क ४० वर आहे, ड्रॉपबेअर ५० वर. स्क्रिप्टला एक्झिक्युट परमिशन लॅपटॉपवरच द्या, ओव्हरले ती तशीच पुढे नेतं. आणि स्क्रिप्टमध्ये वर बॅश लिहू नका, बॅश आहेच कुठे, बिझीबॉक्सचा शेल आहे, एसएच लिहा.

आपला प्रोग्रॅम पॅकेज म्हणून

ओव्हरलेमध्ये तयार बायनरी कॉपी करून पण चालतं, पण मग ती कोणी कधी कुठल्या सोर्सवरून बनवली हा जुना प्रश्न परत आलाच. तर पॅकेज करा, अवघड नाही.

शेतघर फोल्डरमध्ये 'पॅकेज', त्यात 'मोटार' असं फोल्डर. त्यात दोन फाईली. कॉन्फिग डॉट इन मध्ये दोन ओळी, बीआर२_पॅकेज_मोटार हे नाव आणि त्याखाली बूल, म्हणजे मेन्यूत टिक करायचा चौकोन आला. ही फाईल बाहेरच्या कॉन्फिग डॉट इन मधून सोर्स करायची विसरू नका, नाहीतर मेन्यूत काहीच दिसणार नाही. दुसरी मोटार डॉट एमके. त्यात व्हर्जन, साईट म्हणजे सोर्सचा रस्ता, साईट मेथड लोकल, बिल्डची कमांड, टार्गेटवर इन्स्टॉलची कमांड, आणि शेवटी जेनेरिक-पॅकेजवाली इव्हॅल ओळ. तुमचा प्रोग्रॅम सीमेकवर असेल तर सीमेक-पॅकेज लिहा, मग बिल्ड आणि इन्स्टॉल दोन्ही लिहायलाच नको. एक्स्टर्नल डॉट एमके मध्ये पॅकेज फोल्डरमधल्या सगळ्या एमके फाईली इन्क्लूड करणारी एक ओळ लागते, मॅन्युअलमध्ये आहे तशीच उचला. मेकफाईलमध्ये कमांडच्या आधी टॅबच हवा, स्पेस नाही, व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या फाईलीत हमखास हे बिघडलेलं असतं.

कॉलेजमध्ये लिहिलेल्या मेकफाईलमध्ये बहुतेक वेळा थेट जीसीसी लिहिलेलं असतं. ते लॅपटॉपचं जीसीसी उचलतं, प्रोग्रॅम मस्त कंपाईल होतो, इन्स्टॉल पण होतो, आणि मग बिल्डरूट थांबून सांगतं की या फाईलचं आर्किटेक्चर ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस एक्स८६-६४ आहे, असायला हवं एआर्च६४. हा एरर वाचून पोरं म्हणतात माझा लॅपटॉप तर इंटेलचा आहे, एएमडी कुठून आलं. ६४ बिटचं ते आर्किटेक्चर मुळात एएमडीने आणलं म्हणून नाव त्यांचं. इलाज म्हणजे मेकफाईलमध्ये जीसीसीच्या जागी सीसी व्हेरिएबल वापरा आणि एमके फाईलमध्ये मेकला टार्गेट_कॉन्फिगर_ऑप्ट्स द्या, त्यातून बरोबर क्रॉस कंपायलर येतो.

बदललं पण दिसत नाही

बिल्डरूट हुशारी करत नाही, हा त्याचा गुण पण आणि दोष पण. एखादं पॅकेज एकदा बनलं की बनलं, तुम्ही त्याचा पर्याय बदललात तरी ते आपणहून परत बनत नाही. लोकल सोर्स बदलला की 'मेक मोटार-रीबिल्ड' आणि मग 'मेक'. कॉन्फिगर टप्प्यापासून हवं असेल तर 'मोटार-रीकॉन्फिगर'. पूर्ण उडवायचं तर 'मोटार-डिरक्लीन'.

मेन्यूत टिक काढली म्हणून ते पॅकेज टार्गेटमधून जात नाही. भाजीत पडलेलं मीठ आहे ते, परत काढता येत नाही, नवीन भाजी टाकावी लागते. म्हणजे 'मेक क्लीन' आणि परत सगळं. आर्किटेक्चर किंवा टूलचेन बदलली तरी क्लीन लागतंच. मेक क्लीनने डीएल फोल्डरमधले डाऊनलोड जात नाहीत, पण मेक डिस्टक्लीनने ते पण जातात आणि डॉट कॉन्फिग पण, तेव्हा मोबाईल डेटावर असाल तर जपून. डीएलसाठी बाहेरचं एक कॉमन फोल्डर ठरवून टाका, मेन्यूत 'बिल्ड ऑप्शन्स'मध्ये पर्याय आहे. सीकॅश (कंपाईल झालेलं साठवून पुढचा बिल्ड वेगात करणारं टूल) पण तिथेच, चालू करा.

कर्नलचं वेगळं. 'मेक लिनक्स-मेन्यूकॉन्फिग' करून तुम्ही ड्रायव्हर चालू केलात तर तो बदल आऊटपुटमधल्या बिल्ड फोल्डरमध्ये असतो, क्लीन केलं की गेला. एक तर कर्नल कॉन्फिग आपल्या बोर्ड फोल्डरमधल्या फाईलवर वळवा आणि 'मेक लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग' करा, किंवा त्याहून सोपं म्हणजे फक्त जास्तीच्या ओळी एका फ्रॅगमेंट फाईलमध्ये लिहा आणि कर्नलच्या मेन्यूत तिचा रस्ता द्या.

फील्डवर पाठवायच्या आधी

लाईट जाणारच आहे हे धरूनच चाला. रूट फाईलसिस्टिम रीड ओन्ली करा: सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूटला रूट रीड-राईट माउंट करायची टिक आहे ती काढा, आणि जमलं तर स्क्वॉशएफएस वापरा, तो मुळातच लिहिता येत नाही. जे लिहायचंय, रीडिंगचा डेटा, सेटिंग, त्यासाठी वेगळं छोटं पार्टिशन. लॉग रॅममध्ये. रीड ओन्ली केल्यावर ड्रॉपबेअरची की कुठे जातेय ते मात्र बघा, कायमच्या जागी नसेल तर दर बूटला नवी की बनते आणि दर वेळेला एसएसएच बोंब मारतं की होस्ट बदलला.

अपडेट कसा करणार हे पहिला डबा बाहेर जायच्या आधी ठरवा. आरएयूसी आणि एसडब्ल्यूअपडेट दोन्ही बिल्डरूटमध्ये आहेत, दोघांनाही रूटची दोन पार्टिशन ठेवून आलटून पालटून अपडेट करणं जमतं, नवीन बूट झालं नाही तर जुन्यावर परत. नंतर पार्टिशन बदलायचं म्हणजे प्रत्येक विहिरीवर जाऊन कार्ड काढायचं.

विकणार असाल तर 'मेक लीगल-इन्फो' चालवा. कुठलं पॅकेज, कुठलं व्हर्जन, कुठलं लायसन्स याची यादी आणि सोर्स एका फोल्डरमध्ये जमा होतो. कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएलवर आहेत, गिऱ्हाईकाने सोर्स मागितला तर द्यावा लागतो.

मग योक्टो कधी

एकच बोर्ड, छोटी टीम, इमेज लहान, तर बिल्डरूटच ठेवा, कोणी काहीही म्हणो. पण सहा-सात वेगवेगळे बोर्ड, प्रत्येकाचे तीन प्रकार, चिप कंपनी स्वतःचं सगळं योक्टोच्या लेयरमध्येच देते, किंवा फील्डवर पॅकेज मॅनेजर हवाच आहे, तर योक्टोला पर्याय नाही. योक्टो प्रोजेक्ट २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली सुरू झाला, पण त्याच्या पोटात ओपनएम्बेडेड आहे, ते २००३ पासूनचं. बिटबेक नावाचं इंजिन, रेसिपी म्हणजे एकेक पॅकेज कसं बनवायचं ते, आणि लेयर म्हणजे रेसिपींचे गठ्ठे. बिल्डरूटमध्ये न मिळणारी खरी गोष्ट म्हणजे त्याचा एसस्टेट कॅश: काय बदललं ते तो स्वतः ओळखतो आणि तेवढंच परत बनवतो, टिक काढली तर पॅकेज खरोखर जातं. त्याबदल्यात डिस्क मागतो, १०० जीबीच्या पुढे जागा ठेवा, आणि रॅम पण भरपूर.

सुरुवात करायची असेल तर रिलीज लाँग टर्मवालाच घ्या, ५.० म्हणजे स्कार्थगॅप हा तसला आहे (आधीचा ४.० म्हणजे कर्कस्टोनही तसलाच, पण त्याचा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचाच), आणि सगळे लेयर त्याच नावाच्या ब्रँचवर ठेवा, एक कर्कस्टोन आणि एक स्कार्थगॅप असं मिसळलंत की लेयर कंपॅटिबल नाही म्हणून पहिल्याच पायरीला थांबेल. कोअर-इमेज-मिनिमल ही इमेज आधी क्यूईएमयूवर चालवा, तेच वरचं कारण. आणि इंटरनेटवरचे जुने लेख वाचून लोकल डॉट कॉन्फमध्ये पॅकेज वाढवताना दोन गोष्टी बघा: अपेंडच्या आधी जुन्या लेखात अंडरस्कोर असतो, आता तिथे कोलन लागतो, आणि अवतरण चिन्हाच्या आत पॅकेजच्या नावाआधी एक स्पेस सोडावीच लागते. ती सोडली नाही तर तुमच्या पॅकेजचं नाव आधीच्या पॅकेजच्या नावाला चिकटतं आणि बिटबेक म्हणतं असलं काही बनवायला माझ्याकडे रेसिपीच नाही. एरर आला की त्यातलं नाव आधी नीट वाचा, दोन नावं जोडून आलेली दिसतील.